पिएर देलानोए : दुसऱ्याच्या गळ्यासाठी लिहिणारा गीतकार

अनवट

फ्रेंच गाण्यांचा विषय निघाला की आपल्याकडे एदित पियाफ, शार्ल आझ्नावूर अशी गायकांची नावं येतात. ज्याने चाळीसहून जास्त वर्षं अख्ख्या फ्रान्सला गुणगुणायला शब्द पुरवले, त्या पिएर देलानोएचं नाव क्वचितच कुणी घेतं. खुद्द फ्रान्समध्येही त्याची गाणी लग्नाच्या मेजवानीपासून शाळेच्या सहलीपर्यंत सगळीकडे म्हटली जातात, पण ती त्याची म्हणून नव्हे. ती बेको, दासँ, सार्दू या गायकांची गाणी असतात. मला हा माणूस फार मोठा वाटतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

जन्म १६ डिसेंबर १९१८, पॅरिस. मूळ आडनाव लरवाये. कायदा शिकला आणि कर खात्यात निरीक्षक झाला. मग जिल्बेर बेको नावाच्या तरुण पियानोवादकाशी गाठ पडली, आणि बेकोच्या चाली व देलानोएचे शब्द अशी जोडी जमली. बेकोसाठी लिहिणारा दुसरा गीतकार लुई आमाद, तोही सरकारी माणूस, प्रेफे म्हणजे साधारण आपल्या जिल्हाधिकाऱ्याच्या तोडीचा हुद्दा. ज्याच्या कार्यक्रमांत तरुण पोरं बेभान होऊन खुर्च्या मोडायची, त्या गायकाचे शब्द एक कर निरीक्षक आणि एक प्रेफे लिहीत होते!

पुढचा प्रवास भराभर सांगतो. १९५५ साली यूरोप नंबर वन हे रेडिओ केंद्र सुरू झालं, त्याच्या पहिल्या फळीत देलानोए होता. १९५८ च्या युरोव्हिजन या युरोपीय गीतस्पर्धेत त्याने शब्द लिहिलेलं ‘दॉर, मोनामूर’ पहिलं आलं. जगभर गाजलेलं इटालियन ‘वोलारे’ त्या वर्षी तिसरं होतं. त्याची काही गाणी इंग्रजीत गेली आणि तिथे आणखी मोठी झाली. ‘ए मँत्नाँ’ इंग्रजी शब्दांत एल्व्हिस आणि सिनात्रा यांनी गायलं. ‘झ तापार्तियँ’ एव्हर्ली ब्रदर्सनी १९६० मध्ये घरोघरी पोचवलं. एकूण गाण्यांचा आकडा पाच हजारांच्या आसपास सांगतात.

फ्रान्समध्ये खरा मान कुणाला, तर जो स्वतः लिहितो, स्वतः चाल लावतो आणि स्वतः गातो त्याला. ब्रासँस, ब्रेल, फेरे ही तिथली दैवतं. त्यांच्या गाण्यांना कविता म्हणून शाळेच्या पुस्तकात जागा मिळाली. दुसऱ्यासाठी शब्द लिहून देणारा म्हणजे कारागीर, असं एक न बोललेलं वर्गीकरण तिथे आहे. माझं म्हणणं नेमकं याच्याविरुद्ध आहे. स्वतःच्या मनातलं स्वतःच्या आवाजात म्हणणं ही एक कला, आणि जो आपण नाही त्याच्या तोंडी शोभेल असं बोलणं ही दुसरी. ही दुसरी कला नाटककाराची आहे, आणि देलानोए त्यात अव्वल होता.

‘नाताली’ घ्या (१९६४, चाल आणि गायन बेको). शीतयुद्ध ऐन भरात. एक फ्रेंच प्रवासी मॉस्कोच्या लाल चौकात आहे, पुढे त्याची गाइड नाताली चालते आहे. ती ऑक्टोबर क्रांतीबद्दल पाठ केलेली वाक्यं बोलते, आणि याच्या मनात चाललंय की लेनिनची समाधी झाली की पुश्किन कॅफेत जाऊन गरम चॉकलेट घ्यावं. मग विद्यापीठातल्या तिच्या खोलीवर विद्यार्थी जमतात, नाताली दुभाष्याचं काम करते, फ्रेंच शॅम्पेन उघडली जाते, आणि चालही संथपणा सोडून रशियन नाचाचा वेग पकडते. मग सगळे जातात, दोघंच उरतात, आणि आता क्रांतीचा विषय कुणी काढत नाही. सुरुवातीला चौक रिकामा असतो. शेवटी प्रवाशाला आपलं आयुष्य रिकामं वाटतं, आणि एक दिवस पॅरिसमध्ये आपण तिचे गाइड होऊ, ही आशा तो धरून बसतो. पूर्व-पश्चिम वैरावर एकही शेरा नाही. ते वैर एका खोलीत, एका रात्रीपुरतं वितळतं, एवढंच गाणं दाखवतं. पुश्किन कॅफे तेव्हा मॉस्कोत नव्हताच. तो १९९९ साली खरोखर उघडला, तो या गाण्यामुळे, आणि उद्घाटनाला बेको गायला.

दुसरं, ‘ल बाल दे लाझ’ (१९६८, मिशेल पोल्नारेफ). उद्या सकाळी फाशी जाणारा माणूस बोलतोय. लाझच्या वाड्यात मेजवानी चालू होती, हिरेमाणकं, पांढरे झगे, आणि हा बागेत लपून मुठी आवळून बघत होता. खून केलाय, पश्चात्ताप नाही, दयेची भीक मागणार नाही. ऑर्गनच्या गंभीर सुरांवर हे ऐकताना अंगावर काटा येतो.

आणि तिसरं, माझं सर्वांत आवडतं, ‘ल फ्रांस’ (१९७५, मिशेल सार्दू, चाल जाक रेव्हो). यात चक्क एक जहाज बोलतं. त्याच्यावर वेगळं लिहायचंय. तोवर तुम्हाला देलानोएची कुठली गाणी माहीत आहेत, ती सांगा.

रानवारा

सुरेख धागा. नाव पहिल्यांदाच ऐकलं. वाचतेय.

चाफेकळी

अनवट, मनापासून धन्यवाद. मी पुण्यात फ्रेंच शिकवते. आमच्याकडे पहिल्या पायरीच्या वर्गात जो दासँचं ‘शाँझेलीझे’ हटकून वाजतं. पुण्यात फ्रेंच शिकलेल्या बहुतेकांनी ते कधी ना कधी कोरसमध्ये म्हटलंच असेल. त्याचे शब्दही देलानोएचेच! मूळ गाणं इंग्रजी, लंडनच्या वॉटर्लू रोडवरचं, १९६८ चं. पुढच्याच वर्षी देलानोएने ते पॅरिसच्या रस्त्यावर आणून बसवलं. मूळ गाणं इंग्लंडात फारसं कुणाला आठवत नाही, आणि हे पॅरिसचं जणू राष्ट्रगीत झालं. रस्त्यात भेटलेल्या कुणालाही नमस्कार करायचा, त्याच्याबरोबर तळघरात गिटार वाजवणाऱ्यांकडे जायचं, रात्रभर गायचं आणि सकाळी त्याच रस्त्यावर प्रेमात पडलेले दोघं. एवढीच गोष्ट, पण संध्याकाळ ते पहाट असा पूर्ण फेरा होतो.

शिकवताना त्याची एक करामत मला नेहमी जाणवते. फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटचा ‘अ’सारखा स्वर बोलताना गळतो, पण गाताना त्याला एक सूर द्यावा लागतो किंवा मुद्दाम गाळावा लागतो. आपण ‘घर’ म्हणताना शेवटचा अ बोलत नाही, पण गाण्यात ‘र’ लांबवता येतो, तसंच. अनेक हौशी गीतकार तिथे अडखळतात. नको त्या जागी तो स्वर ओढला जातो आणि शब्द विचित्र ऐकू येतो. देलानोएच्या ओळी रस्त्यावर बोलल्यासारख्या वाटतात, कारण कुठला स्वर ठेवायचा आणि कुठला गिळायचा याचा त्याचा कान अचूक होता. ‘शाँझेलीझे’च्या कडव्यांत सर्वनामांचे स्वर तो बिनधास्त गिळतो, अगदी चालत चालत बोलणाऱ्या माणसासारखे. म्हणूनच नवख्या विद्यार्थ्यांना बोलीचा लहेजा शिकवायला ते गाणं इतकं उपयोगी पडतं.

तानपुरा

एक प्रश्न. आधी चाल की आधी शब्द? चालीवर शब्द बसवणाऱ्याला कवी म्हणावं का, हा वाद आपल्याकडे चित्रपटगीतांवरून किती वर्षं चाललाय. परक्या भाषेतल्या तयार गाण्याला नवे शब्द घालणं म्हणजे तर शिंप्याचं काम झालं, असं कुणी म्हटलं तर?

अनवट

तानपुरा, बहुतेक वेळा चालच आधी. तिकडचे संगीतकार नमुना ध्वनिमुद्रणात अर्थहीन, इंग्रजीसारखे वाटणारे आवाज गातात. त्याला ते ‘दह्यात गाणं’ म्हणतात. गीतकाराच्या हातात ते येतं आणि त्याने त्यातून माणूस काढायचा.

‘लेते अँदियँ’चं उदाहरण बघा (१९७५, जो दासँ). तोतो कुतुन्योच्या गटाचं मूळ गाणं आफ्रिकेबद्दल होतं. देलानोए आणि क्लोद लमेल या दोघांनी ते उचलून उत्तर अमेरिकेतल्या शरद ऋतूच्या उबदार दिवसांत नेलं. समुद्रकिनारा, लांब झगा घातलेली प्रेयसी, आणि ती मारी लोराँसँच्या जलरंगातल्या चित्रासारखी दिसते, अशी आठवण. कडवी गायची नाहीत, बोलायची, आणि फक्त ध्रुवपद गायचं. दासँचा आवाज खोल आणि शांत. त्या आवाजाला बोलणं शोभेल हे ओळखूनच शब्द लिहिलेत. पहिल्याच कडव्यात कळतं की हे सगळं वर्षापूर्वीचं, आणि आता उरलंय ते मनातलं बोलणं. आफ्रिकेवरच्या चालीत हे आधीपासून दडलेलं नव्हतं. ते दोघांनी निर्माण केलं. याला मी कविताच म्हणेन.

बॉब डिलनची गाणीही त्याने उग ओफ्रेबरोबर फ्रेंचमध्ये आणली, १९६५ ची पूर्ण तबकडी आहे. डिलन आणि देलानोए यांच्या स्वभावात जमीन-अस्मानाचं अंतर, तरी ते शब्द ओफ्रेच्या तोंडी चपखल बसतात.

उंबरठा

धागा आवडला, पण एक बाजू राहून जातेय. याच देलानोएने सार्दूबरोबर ‘ल ताँ दे कोलोनी’ लिहिलं, १९७६ साली. वसाहतींत ऐश केलेला म्हातारा गोरा आपल्या जुन्या दिवसांची आठवण काढतो, नोकरचाकर, बायका, सगळं सुखात कसं चाललं होतं ते सांगतो. आफ्रिकेतले लोक त्यात फक्त हुकूम झेलायला आहेत. आपण दीडशे वर्षं परक्या सत्तेखाली काढलेली माणसं आहोत. हे ऐकताना मला ‘काय सुंदर व्यक्तिरेखा’ असं म्हणवत नाही. पुढच्या वर्षी सार्दूच्या कार्यक्रमांविरुद्ध निदर्शनं झाली, त्यामागे हेही एक गाणं होतं. ‘दुसऱ्याच्या आवाजात लिहिणं’ ही पळवाट तर नाही ना?

अनवट

उंबरठा, प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. सार्दूचं म्हणणं होतं की हे पात्राचं बोलणं आहे. गाणं नीट ऐकलं तर तो म्हातारा खरोखर हास्यास्पद वाटतो, बढाया मारणारा. पण ‘ल बाल दे लाझ’मधल्या खुन्याभोवती फाशीची सकाळ आहे, तिच्यामुळे त्याचं बोलणं तोललं जातं. या म्हाताऱ्याभोवती काहीच नाही. ज्यांच्यावर त्याने राज्य केलं त्यांचा एक शब्दही गाण्यात नाही, आणि चाल इतकी आनंदी की ऐकणारा ठेका धरतो. तिथे गीतकार कमी पडला असं मी स्पष्ट म्हणेन. देलानोए स्वतः राजकारणात उजव्या बाजूचा होता आणि ते त्याने कधी लपवलं नाही. रॅप संगीताबद्दल तर त्याने म्हातारपणी अतिशय अपमानास्पद बोलून घेतलं. हे सगळं त्याच माणसाचं आहे.

चाफेकळी

उंबरठा, मी हे गाणं वर्गात कधीच लावत नाही. मोठ्या वर्गात मात्र एकदा त्याचे शब्द वाचून चर्चा घेतली होती, आणि मुलांनी नेमकं तेच विचारलं की यात समोरचा माणूस कुठे आहे. त्या चर्चेतून मुलांना वसाहतवादाबद्दल जेवढं कळलं, तेवढं धड्यातून कळत नाही असं मला वाटतं.

दर्यासारंग

आजवर नुसता वाचक होतो, आज ‘ल फ्रांस’चं नाव वाचून लिहितोय. मी अनेक वर्षं जहाजांवर इंजिन विभागात होतो, नंतर मुंबईत दारूखान्यात जुन्या जहाजांच्या सुट्या भागांच्या व्यवहाराशी संबंध आला. ते जहाज शेवटी आपल्याकडे आलं, हे किती जणांना माहीत आहे?

थोडा इतिहास सांगतो. ‘फ्रांस’ सँ-नाझेरच्या गोदीत बांधलं, ११ मे १९६० ला जनरल द गोल यांच्या उपस्थितीत पाण्यात उतरवलं, १९६२ पासून ल आव्र ते न्यूयॉर्क फेऱ्या. लांबी सुमारे ३१६ मीटर. २००४ साली ‘क्वीन मेरी २’ येईपर्यंत इतकं लांब प्रवासी जहाज जगात दुसरं नव्हतं. पण अटलांटिकचे प्रवासी विमानाने जायला लागले होते, आणि १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकल्यावर सरकारने अनुदान बंद करायचं ठरवलं. सप्टेंबर १९७४ मध्ये खलाशांनी ल आव्रच्या तोंडाशी जहाज ताब्यात घेऊन निषेध केला. उपयोग झाला नाही. जहाज एका लांबच्या धक्क्याला बांधून ठेवलं, आणि लोक त्या धक्क्याला विस्मृतीचा धक्का म्हणायला लागले.

पुढची हकिगत : १९७९ मध्ये नॉर्वेच्या कंपनीने घेतलं, नाव ‘नॉर्वे’, कॅरिबियन समुद्रात सहली. २००३ मध्ये मायामीला बॉयलरचा स्फोट, त्यात खलाशी दगावले. मग ‘ब्लू लेडी’ नावाने ऑगस्ट २००६ मध्ये गुजरातच्या अलंगच्या किनाऱ्यावर. आत ॲस्बेस्टॉस भरपूर, म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सप्टेंबर २००७ मध्ये तोडायची परवानगी मिळाली.

अलंगला जहाज कसं चढवतात ते सांगतो, कारण ज्याने पाहिलं नाही त्याला कल्पना येत नाही. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक प्रचंड. उधाणाच्या भरतीला जहाज जमेल तेवढ्या वेगाने सरळ किनाऱ्याकडे घ्यायचं, तळ चिखलात रुतेपर्यंत. पाणी ओसरलं की जहाज कोरड्यावर. मग गॅस कटरने नाळेकडून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडून, कापत आत जायचं. प्रत्येक भरतीला उरलेलं धूड थोडं आणखी वर ओढायचं. आतलं लाकूड, पलंग, आरसे, ताटवाट्या अलंगच्या रस्त्यावरच्या दुकानांत विकायला येतात. नाळेचं टोक मात्र फ्रान्सला परत गेलं, २००९ मध्ये पॅरिसला त्याचा लिलाव झाला.

गाण्यात ते जहाज काय म्हणतं, ते अनवट यांनी सांगावं. माझ्या फ्रेंच बोलणाऱ्या एका सहकाऱ्याने मला ओळ न् ओळ समजावली होती, पण मला ते तुमच्या शब्दांत वाचायचंय.

अनवट

दर्यासारंग, हे असं कुणी लिहील म्हणूनच धागा काढला होता. किती नेमकं लिहिलंत.

गाण्यात जहाज आपली थोरवी सांगतं. हजार वर्षं सफर करण्याची ताकद होती माझ्यात, हजारो प्रेमी जिवांना नेलं. ध्रुवपदात सूर चढतो आणि ते म्हणतं की यापुढे मला फ्रांस या नावाने हाक मारू नका, फ्रान्सने मला टाकून दिलंय. आणि शेवटची इच्छा सांगतं : एखाद्या मोठ्या युद्धनौकेने हिंमत करून मला बुडवावं, सँ-नाझेरकडे, माझ्या जन्मगावाकडे पाठ करून. विकलं जाणं नको, दुसऱ्याचं खेळणं होणं नको, समुद्राच्या तळाशी जाणं चालेल.

हे १९७५ साली लिहिलंय. जहाज तेव्हा धक्क्याला बांधलेलं होतं, पुढे काय होणार कुणालाच ठाऊक नव्हतं. सार्दू आणि देलानोए यांनी त्याच्या तोंडी जी भीती घातली, ती सगळी पुढे खरी झाली. नाव बदललं, पुन्हा बदललं, आणि अखेर तुम्ही वर्णन केलंत तसं चिखलात. देलानोए २७ डिसेंबर २००६ ला गेला. तेव्हा हे जहाज अलंगला रुतून चार महिने झाले होते.

आणखी एक. सार्दू उजव्यांचा गायक म्हणून ओळखला जायचा, तरी हे गाणं बंदरातल्या डाव्या कामगार संघटनांनाही आपलंसं वाटलं. खलाशांचा राग त्यात होता. जहाजाच्या आवाजात बोलल्यामुळे कामगार, मालक, सरकार यांपैकी कुणाची बाजू न घेता सगळ्यांना ऐकवता आलं.

दर्यासारंग

बरोबर. जहाजावर राहिलेला माणूस जहाजाशी बोलतोच. इंजिनचा आवाज बदलला की रात्री झोपेतून उठून आधी त्याच्याशी बोलतो. जहाज उत्तर देतं ते या गाण्यात ऐकलं.

वहीखातं

गीतकारांच्या पैशांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. देलानोए १९८० आणि ९० च्या दशकांत अनेकदा ‘सासेम’ या संस्थेचा अध्यक्ष होता. गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक यांच्या वतीने मानधन वसूल करणारी ही फ्रेंच संस्था. तिची सुरुवातही एका गीतकारामुळेच झाली. १८४७ मध्ये एर्नेस्ट बूर्जे नावाचा गीतकार शाँझेलीझेवरच्या एका कॅफेत बसला होता. तिथे त्याचंच गाणं वाजत होतं. त्याने बिल द्यायला नकार दिला : तुम्ही माझं गाणं फुकट वापरता, मी तुमचं पेय फुकट घेतो. प्रकरण कोर्टात गेलं, बूर्जे जिंकला, आणि १८५१ मध्ये सासेम स्थापन झाली.

आपल्याकडे मुंबईत ‘आयपीआरएस’ ही सासेमसारखीच संस्था १९६९ पासून आहे, पण चित्रपटाचे गीतकार सगळे हक्क निर्मात्याला लिहून देत. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने रॉयल्टीतला वाटा गीतकाराला सोडताच येणार नाही असं झालं. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी जोर लावला होता. म्हणजे फ्रेंच गीतकाराला एकोणिसाव्या शतकात जे मिळालं, ते मिळवायला आपल्या गीतकारांना एकविसावं शतक उजाडलं. कर खात्यातला माणूस सासेमच्या खुर्चीवर बसला हे मला फार योग्य वाटतं. हिशेब त्याला कळत होता.

तानपुरा

वहीखातं, ही माहिती मोलाची. अनवट, माझा शिंप्याचा मुद्दा मी मागे घेतो असं नाही, पण ‘लेते अँदियँ’ दोनदा ऐकलं. बोललेली कडवी आणि गायलेलं ध्रुवपद यांतलं अंतर संगीतकाराच्या दृष्टीनेही फार विचारपूर्वक केलंय. ध्रुवपदात शब्द थोडे आणि स्वर मोकळे ठेवलेत, त्यामुळे चाल वर उठते. चालीवर लिहिताना कुठे गप्प बसायचं हे ज्याला कळतं, त्याचं काम शिवणकामाच्या पुढचं आहे.

रानवारा

सगळं वाचून काढलं. फ्रेंच अजिबात येत नाही. सुरुवात कुठून करू?

अनवट

रानवारा, ‘यून बेलिस्त्वार’ने करा (१९७२, मिशेल फ्युगँ). उन्हाळ्याच्या सुट्टीतला महामार्ग. तो उत्तरेकडे, धुक्यातल्या आपल्या घरी परत निघालाय, ती दक्षिणेला उन्हाकडे चाललीय. रस्त्याच्या कडेला दोघं भेटतात, शेतात एक रात्र, सकाळी आपापल्या वाटेने. इतकी साधी गोष्ट की भाषा न येताही चालीवरून कळते. जपानमध्ये ‘मिस्टर समरटाइम’ नावाने हेच गाणं १९७८ मध्ये गाजलं.

मग ‘नाताली’, आणि भाषांतर शेजारी ठेवून ‘ल फ्रांस’. ‘ले लाक दू कोनेमारा’ (१९८१) शेवटी ऐका, सहा मिनिटांचं आहे आणि मोठ्या आवाजातच ऐकायला हवं. त्याची जन्मकथा अशी सांगतात की रेव्होचा बिघडलेला सिंथेसायझर बॅगपाइपसारखा वाजायला लागला, म्हणून आधी स्कॉटलंडवर लिहायचं ठरलं. हाताशी माहितीपत्रक मात्र आयर्लंडचं होतं, आणि तेवढ्यावरून देलानोए आणि सार्दूने कोनेमाराची तळी, दगडी भिंती, चर्चमधलं लग्न उभं केलं. आज फ्रान्समधल्या लग्नांत मध्यरात्रीनंतर ते वाजतं आणि लोक रुमाल फिरवत नाचतात. त्यातल्या ढोलांच्या आधी येणारी शांत कडवी लक्ष देऊन ऐका. वाऱ्याने होरपळलेला मुलूख, तळ्यांभोवतीचे दगडी माळ, उत्तरेकडून येणारे काळे ढग, असं सगळं तिथे आहे.

चाफेकळी

रानवारा, ‘नाताली’ आणि ‘यून बेलिस्त्वार’चा ओळीगणिक मराठी अर्थ मी या आठवड्यात इथेच टाकते. ‘ल फ्रांस’ला वेळ लागेल. जहाजाच्या भागांचे शब्द दर्यासारंग यांना विचारूनच लिहीन.

दर्यासारंग

जरूर विचारा. शेवटच्या कडव्यात ते जहाज आपल्या पाठीचं जे बोलतं, तिथे ‘वरामा’ लिहा. आमच्याकडे कोकणात खलाशी गलबताच्या मागच्या बाजूला तेच म्हणतात.